आमचं मीटर उलटं फिरतं

आमच्या घरात वीजबिल जेवणानंतर उघडायचं, असा नियम आहे. (नियम बायकोचा. माझ्याकडे फक्त पाळायचं काम.) पण अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा बिल कोनाड्यात दिसलं आणि कमल अजून भाकरी थापत होती. म्हटलं, बसल्या बसल्या पाहून घेऊ. बस, एवढंच माझ्या हातून घडलं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

बिलावर वापर लिहिला होता: युनिट ९०३.

आमचं घर जळगावात, मेहरूणला. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण. घरात तीन बल्ब, एक ट्यूब, एक टेबलफॅन आणि एक रेडिओ, जो निम्मा वेळ खरखरतो. एवढ्या संसाराला नऊशे तीन युनिट! एवढ्या विजेत मेहरूणचा तलाव उकळून निघाला असता.

"अहो, बिल बघण्यापेक्षा एकदा मीटर तरी बघा," कमल म्हणाली.

"मीटर कशाला बघायचं? बिल छापील आहे."

माझ्या या उत्तराला हसू नका. बारा वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. कागदावर माणूस हजर असला की तो हजर असतो, मग तो तिकडे चहाच्या टपरीवर का असेना, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. (कधीकधी टपरीवरूनच पाहतो.) तेव्हा कागदावर नऊशे तीन म्हणजे नऊशे तीन. शिवाय फेब्रुवारीत आमचं जुनं मीटर जळालं होतं आणि त्या जागी शून्यावरचं कोरं करकरीत बसवलं होतं. नवं मीटर तरणंताठं, ते जास्त पळणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

हे रीडिंग घ्यायला माणूस आला त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि कमल माहेरी भुसावळला गेली होती. घरात होती फक्त माझी आई, झुंबरबाई. आम्ही तिला माय म्हणतो. माय शिरपूरकडच्या खेड्यातली, बोलते पक्की अहिराणी, आणि दुसरी पास आहे. यातली शेवटची गोष्ट ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्या दिवशी अंगणभर लुगडी अंथरून तिने बिबड्या वाळत घातल्या होत्या. ज्वारीच्या त्या पापडासारख्या ओल्या बिबड्यांवरून रीडर चालत येणार म्हटल्यावर तिने त्याला फाटकाशीच अडवलं आणि स्वतः स्टुलावर चढून मीटर वाचून दाखवलं. हे तिनेच मला अभिमानाने सांगितलं होतं.

"अभिमन, मी वाची सांगं आन् त्यानी लिखी लिधं. माले म्हने, आजी, तुम्ही शिकेल शेतस का? म्हटलं, दुसरी पास शे मी."

मीही कौतुक केलं होतं. तेव्हा मला काय माहीत!

दुसऱ्याच रविवारी धुळ्याहून माझा मावसभाऊ मोतीलाल आला. धुळ्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा तांब्याची तार गुंडाळून जिवंत करतो. त्यातल्या काही खरोखर जिवंत होतात. मी त्याच्यासमोर बिल ठेवलं. त्याने ते वाचलं, घडी घातली आणि त्या घडीनेच दात कोरत म्हणाला,

"अभिमनभाऊ, आते बिल भरानं कामच नही. आपुन घरमाच वीज बनाडू."

"कशी?"

"चुंबकवर. एक चुंबक दुसराले ढकलस, दुसरा तिसराले ढकलस. चाक फिरत ऱ्हास. चुंबकले भूक नही, रजा नही, थकवा नही."

भूक नाही, रजा नाही, थकवा नाही! म्हणजे सरकारने खरं तर चुंबकंच नोकरीला लावायला हवी होती, असा विचार माझ्या मनात आला आणि मी घाबरून तो लगेच सोडून दिला. पण मोतीलालचं म्हणणं मला पटलं. मला सगळंच पटतं, समोरचा फक्त ठामपणे बोलला पाहिजे.

पुढच्या शनिवारी मी धुळ्याला गेलो. मोतीलालच्या ओळखीचा एक मंडपवाला होता. त्याच्याकडे लग्नाच्या वरातींमध्ये बोंबलून बोंबलून फाटलेले लाउडस्पीकर पडले होते. त्यांतून मोतीलालने चौदा चुंबकं काढली, प्रत्येक चुंबक चांगलं भाकरीएवढं. ती एकमेकांना अशी चिकटली की वेगळी करायला हातोडी लागली. मग ती गोणपाटात गुंडाळून, पिशवीत भरून मी जळगावच्या एस.टी.त बसलो.

पारोळ्यापर्यंत प्रवास सुखाचा झाला. पारोळ्याला कंडक्टर तिकीट फाडायला आला, वाकला, आणि त्याच्या हातातला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा सटकन जाऊन माझ्या पिशवीला चिकटला.

"ओ, चिमटा द्या!"

"मी घेतला नाही."

"मग तुमच्या पिशवीवर काय करतोय?"

मी चिमटा ओढून काढला आणि त्याला दिला. त्याने तो पुढे धरला, तसा तो परत पिशवीवर. तिसऱ्या वेळी सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. एरंडोलला मी जागा बदलायचं ठरवलं, तर पिशवी सीटच्या लोखंडी पायाला लागलेली. दोन पैलवानांनी ती ओढली तेव्हा कुठे ती सुटली आणि सुटताना त्यातल्या एका पैलवानाच्या कंबरेवरचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. जळगावला उतरताना कंडक्टरने मला हात जोडले. मला वाटतं, तो नमस्कार नव्हता.

दोन दिवसांनी मोतीलाल आला आणि घरी यंत्र उभं राहिलं ते ओट्यावर, नेमकं मीटरच्या खाली. (जागा तेवढीच होती.) माझ्या सायकलचं पुढचं चाक काढून आम्ही लाकडी चौकटीत बसवलं. चाकाच्या कडेने सात चुंबकं, चौकटीवर सात चुंबकं, मध्ये तारेची भेंडोळी. एवढं करून चाक अर्धा वेढा फिरलं आणि बैल पाणवठ्यावर अडून बसावा तसं अडून बसलं.

"सुरुवातले धक्का लागस," मोतीलाल म्हणाला. "मंग आपोआप चालस."

धक्क्यासाठी टेबलफॅनची मोटार आली. मोटारीवरून चाकावर फिरायला कमलच्या शिवणयंत्राचा पट्टा आला. जळगावचा मे महिना आणि घरात एकुलता एक पंखा! कमलने पदराने वारा घेत माझ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर नवरा जे ओळखतो ते मीही ओळखलं, पण माघार घेतली नाही.

तिची विळी चुंबकाला चिकटली. तवा चिकटला. सांडशी तर अशी चिकटली की ती काढायला दुसरी सांडशी आणावी लागली, आणि मग दोन सांडशा चिकटल्या. मायच्या अडकित्त्याचंही तेच झालं.

"अभिमन," माय म्हणाली, "तुना यंत्र काय बनाडस ते बनाडू दे. पन आठे मनी सुपारी ऱ्हायनी!"

शेवटी मोतीलालने प्लग लावला. मोटार घुर्रर्र करून फिरली, पट्टा फिरला, चाक फिरलं आणि भेंडोळ्याला जोडलेला बॅटरीचा चिमुकला बल्ब, खोटं सांगत नाही, लागला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे रुपचंदनाना धावत आले. त्यांनी यंत्रापुढे नारळ फोडला. दोन दिवसांत सगळी गल्ली तो बल्ब बघून गेली. "बिनविजेची वीज!" म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगात गेलेली आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात आलं होतं. मी मोतीलालला विचारलंही.

"प्लग काढी टाकू?"

"आत्तेच नको. चाकले अजून सवय नही." एवढं सांगून तो धुळ्याला निघून गेला.

आठवडा झाला. ऑफिसात मी आता टेबलावर जरा रेलून बसायला लागलो होतो. रविवारी सकाळी वाटलं, आपल्या यंत्राने कितपत बचत केली ते मीटरवरच बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी स्टुलावर चढलो, काचेवरची धूळ पुसली आणि आकडा वाचला.

२११.

मी पुन्हा वाचला. चष्मा पुसला. दोनशे अकरा! बिलावर नऊशे तीन होते. म्हणजे मीटर मागे आलं होतं. आतली चकती फिरत होती. ती उलटी फिरतेय का, हे मी निरखून पाहिलं, पण सुलटी कशी फिरते हे मी कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती उलटीच आहे असं मी गृहीत धरलं.

"कमल!" मी वरूनच ओरडलो. "मीटर उलटं चाललंय! आपल्या घरातून तारेवाटे वीज बाहेर जातेय! सहाशे ब्याण्णव युनिट आपण त्यांना दिलीत!"

"तुम्ही आधी खाली उतरा," कमल म्हणाली.

मी उतरलो आणि सरळ अर्ज लिहायला बसलो. अर्ज हा माझा प्रांत. विषय: 'अर्जदाराने आपल्या कार्यालयास पुरविलेल्या विजेबाबत.' मजकूर: 'महोदय, अर्जदाराने स्वतःच्या राहत्या घरी, मीटरखाली, चौदा चुंबकांचे यंत्र बसविले असून त्यायोगे मीटर ९०३ वरून २११ पर्यंत मागे आणले आहे. तरी पुरविलेल्या ६९२ युनिटांबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' खाली झोकदार सही, तारीख, पूर्ण पत्ता. सोमवारी स्वतः जाऊन दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी कधी कागद सोडत नाही.

योग्य ती कार्यवाही चौथ्या दिवशी जीपमधून आली.

जीपमधून तिघे उतरले. चष्मा लावलेले एक साहेब, एक वायरमन आणि रीडिंग घेणारा तो तरुण, जो नुकताच साताऱ्याकडून बदलून आला होता. मी समजलो, सत्काराला आले. कमलला चहा टाकायला सांगितलं. साहेबांनी चहाला हात लावला नाही. त्यांनी खिशातून माझाच अर्ज काढला.

"ही सही तुमची?"

"हो, माझीच!" मी छाती पुढे काढली.

"मीटरला चुंबक लावून ते अडवणारे मी पुष्कळ पकडलेत," साहेब म्हणाले. "पण लावलं म्हणून लेखी कळवणारा पहिलाच. विजेच्या चोरीबद्दल तुमच्यावर फिर्याद होईल. सरकारी नोकरीत आहात ना?"

चोरी! सरकारी नोकरावर फिर्याद म्हणजे आधी निलंबन. बारा वर्षांची नोकरी, आणि ज्या टेबलावर बसून मी दुसऱ्यांचे निलंबनाचे आदेश जावक नंबर टाकून पाठवतो, त्याच टेबलावरून माझा आदेश निघणार. नंबरही बहुधा मलाच टाकावा लागणार. सत्कारासाठी टाकलेला चहा मीच पिऊन टाकला.

"साहेब," मी म्हणालो, "चोरी कसली? माझं यंत्र... यंत्र चालतच नाही!"

"चालतं की!" रुपचंदनाना कुंपणावरून म्हणाले. "मी नारळ फोडलाय. सगळ्या गल्लीने बघितलंय. भिऊ नको अभिमन, आम्ही साक्षीला आहोत!"

"नाना, तुम्ही घरी जा!"

"चालत नाही, साहेब," कमल पुढे झाली. "यांनी आजवर केलेलं काहीच चाललेलं नाही." आणि तिने प्लग खेचून काढला. चाक थांबलं. बल्ब विझला. आयुष्यात बायकोने माझा इतका पाणउतारा कधी केला नव्हता आणि मला तो इतका गोडही कधी लागला नव्हता.

पण साहेब बधले नाहीत. "यंत्र चालू दे नाही तर पडू दे. चौदा चुंबकं मीटरखाली आहेत, हे खरं. मग नऊशे तीनचं मीटर दोनशे अकरावर आलं कसं?"

साहेबांनी रीडरकडे पाहिलं. "तू नऊशे तीन स्वतः वाचलंस ना?"

रीडरने मान खाली घातली. "अंगणात पापड वाळत होते, साहेब. आजींनी आत येऊ दिलं नाही. आजींनी वाचून सांगितलं."

"पापड नही, बिबड्या," दारातून माय म्हणाली. "आन् मी बराबर सांगं. दुसरी पास शे मी."

"आजी, आत्ता वाचून दाखवा बरं," साहेब म्हणाले.

मी स्टूल धरलं. माय वर चढली. तिने पदर खोचला, काचेला नाक लावलं आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत मोठ्याने सुरुवात केली.

"आधी एक पूज्य. पूज्यले काय किंमत, ते सोडी द्या. मंग दोन शे. मंग एक शे. आन् आठ."

रीडरने सवयीने लिहून घेतलं, मग स्वतःच्या कागदाकडे बघत राहिला. "दोनशे... एकशे... आठ?" तो पुटपुटला. "असा आकडा कसा असेल?"

साहेब स्टुलापाशी आले. टाचा उंचावून त्यांनी मीटर पाहिलं. २१८. त्यांनी मायकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत मायकडे पाहिलं.

"माय, त्या रोजले याले तू काय सांगं व्हतं? नीट याद कर."

मी चमकलो. साहेबांची भाषा एकदम बदलली होती. (नंतर कळलं, ते आमच्याच खान्देशातले, धरणगावचे.)

"तेच जे दखं ते. दोन पूज्य सोडी दिधं. नऊ शे, आन् तीन."

"नऊ शे, आन् तीन!" साहेबांनी कपाळावर हात मारला आणि जे हसायला लागले ते ओट्यावरच बसले. "अरे सातारकर, 'शे' म्हणजे आहे! पहिला आकडा नऊ आहे, दुसरा तीन आहे! त्र्याण्णव! आणि तू लिहिलंस नऊशे तीन! बठ्ठा घोय त्या 'शे'नाच शे!"

सगळं एका क्षणात उलगडलं. मीटर कधी मागे आलंच नव्हतं. ते बिचारं त्र्याण्णवापासून दोनशे अठरापर्यंत इमानाने पुढे चालत आलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मी मायचे पाय धरले. ती अजून स्टुलावर असल्यामुळे ती जवळजवळ माझ्या अंगावर पडली, पण तेवढं चालायचंच. कमलने डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा चहा टाकला. या वेळी साहेबांनी तो घेतला, बशीत ओतून, आणि वर चार भाजलेल्या बिबड्याही खाल्ल्या. रीडर तर इतका ओशाळला होता की मायने त्याच्यासाठी बिबड्यांचा वेगळा पुडा बांधला.

फिर्याद झाली नाही. बिल दुरुस्त करून देतो, असं साहेबांनी सांगितलं. फक्त माझा अर्ज दप्तरी दाखल झालेला, आणि पोचही मीच घेतलेली, त्यामुळे तो निकाली काढायला एक कागद हवा होता. तो मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिला: 'सदर यंत्रापासून कोणत्याही प्रकारची वीज निर्माण झालेली नाही, होत नाही व पुढेही होण्याची शक्यता नाही.' खाली साक्षीदार म्हणून पहिली सही रुपचंदनानांनी केली. ज्यांनी बल्ब बघून माना हलवल्या होत्या, त्या सगळ्या गल्लीने मग रांग लावून सह्या केल्या. कागद पुरला नाही, मागच्या बाजूलाही घेतल्या.

वायरमनने तेवढ्यात यंत्र तपासलं होतं. "साहेब, हे वीज बनवत नाही, खातं. पंधरा दिवस अख्खा पंखा चाललाय, आणि वारा कोणालाच लागलेला नाही."

कमलने ते ऐकलं आणि वायरमनकडूनच मोटार सोडवून पंखा परत जोडून घेतला. पंखा सुरू झाला. पंधरवड्यातला पहिला वारा अंगावर आला तेव्हा मला जे सुख झालं ते शोध लागल्याच्या दिवशीही झालं नव्हतं.

निघताना साहेब फाटकाशी थांबले. चेहरा अजून हसरा होता.

"माय, तुम्हना घरमा असा शास्त्रज्ञ कितला शेतस?"

"एक शे," माय म्हणाली.

रीडर आता शहाणा झाला होता. त्याने पेन थांबवून अदबीने विचारलं, "आजी, नीट सांगा. एक की एकशे?"

मायने ओट्यावरच्या चाकाकडे पाहिलं, चुंबकाला अजून चिकटलेल्या आपल्या अडकित्त्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"एकच शे रे भाऊ. पन शंभरले पुरस."

आणि या वेळी तिचा आकडा कोणीही तपासून पाहिला नाही.